गार सिलिंडरची चुगली

थंडीच्या दिवसांत पहाटे खानापूर किंवा चंदगडकडच्या फाट्यावर वडापच्या जुन्या जीपगाड्या लागलेल्या असतात. चालक किल्ली अर्धी फिरवतो आणि थांबतो. समोर स्प्रिंगच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. मागून कोणीतरी "चला की ओ मामा, कॉलेज चुकतंय," म्हणून ओरडते, पण मामा हलत नाहीत. दिवा विझला की मगच ते किल्ली पूर्ण फिरवतात. आपल्या भागात याला 'हीटर देणे' म्हणतात. मराठी घरातला असो की कन्नड घरातला, चालकाच्या तोंडी शब्द एकच, हीटर. पुस्तकात त्याला ग्लो प्लग म्हणतात. बोटभर लांबीचा हा तुकडा. एका टोकाला तार जोडायचा नट, मध्ये आटे, दुसऱ्या टोकाला पेन्सिलीसारखी निमुळती दांडी. इंजिन सुरू होईपर्यंत त्याचे काम, मग दिवसभर सुट्टी. निदान तसा समज आहे.

खरे तर तो दिवसभर एक गोष्ट सांगत असतो. आपण ज्या सिलिंडरमध्ये बसलो आहोत तो तापला आहे की गार पडला आहे, ही ती गोष्ट. ऐकायला लागतो एक साधा मीटर, एक इंडिकेटरचा बल्ब आणि थोडी समज. ही युक्ती कळली तर धापा टाकणाऱ्या इंजिनातला नेमका कुठला सिलिंडर काम करीत नाही हे एकही पाइप न सोडवता समजू शकते. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांच्या हातांच्या दृष्टीनेही तिला महत्त्व आहे. ते का, हे पुढे येईलच.

मी कला शाखेचा प्राध्यापक. इंजिनशी माझा संबंध प्रवाशाचा. पण आपला जिल्हा ओतकामाचा, क्रँकशाफ्टचा आणि लेथचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते इथेच, बेळगावात. अशा गावात प्रत्येक वर्गात दोन-चार मुले तरी अशी असतात की ज्यांचे वडील, काका नाहीतर मामा उद्यमबागेत यंत्रावर उभे असतात. त्यांच्याशी बोलता बोलता हा विषय हाती लागला आणि मग मी तो सोडला नाही.

आधी हीटरची गरज कशाला, ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची की तिनेच तापले पाहिजे आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटला पाहिजे, ही रुडॉल्फ डिझेलची कल्पना. तिचे पेटंट १८९२ चे. जुन्या जीप आणि व्हॅनच्या इंजिनात हवा मूळच्या साधारण विसाव्या-बाविसाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबली जाते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड तापते, तेच मोठ्या प्रमाणावर. पण या इंजिनांत डिझेल मुख्य सिलिंडरमध्ये न जाता आधी बाजूच्या एका छोट्या खोलीत उडते. पहाटेच्या गारठ्यात त्या खोलीच्या लोखंडी भिंती हवेची ऊब शोषून घेतात आणि डिझेल पेटत नाही, नुसता पांढरा धूर निघतो. म्हणून त्या खोलीत हीटरची दांडी घुसवलेली असते. बॅटरीचा प्रवाह मिळताच ती काही सेकंदांत लालबुंद होते.

आता ही दांडी कापून पाहिली तर आत काय दिसेल? बाहेर उष्णतेला दाद न देणाऱ्या मिश्रधातूची नळी, आत घट्ट दाबलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड आणि त्या पुडीत बसवलेले तारेचे वेटोळे. बऱ्याच हीटरमध्ये वेटोळी दोन असतात, एकापुढे एक जोडलेली. टोकाचे वेटोळे तापण्यासाठी. मागचे मात्र राखणदार. ते निकेलचे किंवा लोह-कोबाल्टच्या मिश्रधातूचे असते आणि त्याचा गुण असा की ते जसजसे तापते तसतसा त्याचा रोध वाढतो. रोध वाढला की वीज कमी वाहते, वीज कमी वाहिली की दांडी जळून जाण्याआधीच तापणे आवरते. बारा व्होल्टचा असा हीटर गार असताना एक ओहमपेक्षाही कमी रोध दाखवतो, साधारण पाऊण ओहमच्या आसपास. किल्ली फिरवताच तो पंधरा-सतरा अँपिअर वीज ओढतो आणि काही सेकंदांत ती जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजेच रोध जवळजवळ दुप्पट झालेला असतो.

(रोध हा शब्द दोन्ही बाजूंच्या शाळांत चालतो, हे जाता जाता सांगून टाकतो. एक मूल मराठी माध्यमात आणि दुसरे कन्नड माध्यमात असलेल्या घरांनी दोघांची विज्ञानाची पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. लिपी वेगळी, पण उष्णता, रोध, विद्युत हे सगळे सोयरेच निघतात.)

कारखान्याने हा गुण दिला तो हीटरला सांभाळण्यासाठी. पण एकदा इंजिन सुरू झाले आणि हीटरची वीज बंद झाली, की तीच दांडी ज्वाळेच्या खोलीत नुसती बसून राहते. आता तिला बॅटरी तापवत नाही, जळणारे डिझेल तापवते. तिचा रोध किती वाढला यावरून त्या खोलीत किती ताप आहे याचा अंदाज येणार, हे उघड आहे. चार सिलिंडर म्हणजे चार हीटर, म्हणजेच चार तापमापक, आणि तेही जिथे आपण एरवी काहीच घालू शकत नाही अशा जागी आधीपासून बसवलेले.

धातूच्या रोधावरून तापमान काढण्याचा विचार जुनाच. तापलेल्या धातूतून वीज कमी जोमाने वाहते हे हम्फ्री डेव्हीने १८२१ साली दाखवले होते. विल्यम सीमेन्सने १८७१ साली प्लॅटिनमच्या तारेवरून भट्टीचे तापमान मोजण्याची योजना मांडली. पण त्याचे तापमापक वापरता वापरता बदलत, आज एक आकडा आणि महिन्याने दुसरा. तारेला भट्टीतल्या वायूंपासून नीट सांभाळले आणि ताण पडू दिला नाही, तर तीच तार पुन्हा पुन्हा तोच आकडा देते, हे केंब्रिजच्या ह्यू कॅलेंडरने १८८७ साली सिद्ध केले. आजही कारखान्यांत तापमान मोजायला जी प्लॅटिनमची कांडी वापरतात, ती शून्य अंशाला शंभर ओहम आणि शंभर अंशाला साडेअडतीस ओहम जास्त दाखवते. आपला हीटर या घराण्यातलाच, पण गरीब भाऊबंद. त्याची तार कोणी तापमापनासाठी निवडलेली नाही, ती रोज लाल होऊन गार होते आणि वयाप्रमाणे बदलते. सीमेन्सची अडचण त्याला आहेच. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

या युक्तीचा रीतसर वापर झाला तो अमेरिकेत. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईनंतर तिथल्या लोकांना डिझेल मोटारींची ओढ लागली. जनरल मोटर्सने १९७८ च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबाइल विभागाचे ५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे डिझेल इंजिन मोटारींत घातले. ते काही भाग्याचे निघाले नाही. हेडचे बोल्ट दाबाला पुरे पडत नसत, गॅस्केट जात, डिझेलमधले पाणी वेगळे करायची नीट सोय नव्हती. १९८५ पर्यंत ते बंद झाले आणि अमेरिकेत डिझेल मोटारीचे नाव बराच काळ खराब झाले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तिथले मेकॅनिक पेट्रोलवर वाढलेले. इंजिन थडथडू लागले की एकेका स्पार्क प्लगची वायर काढायची, जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला, ही त्यांची परीक्षा. डिझेलला स्पार्क प्लगच नाही! मग काय काढणार? तेव्हा कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकांत हीटरचा रोध मोजून सिलिंडर ताडून पाहण्याची पद्धत आली. आधी गार इंजिनाचे आकडे घ्यायचे, मग सुरू इंजिनाचे, आणि कुठला कमी वाढला ते बघायचे. त्यासाठी बारीक रोध मोजणारा खास मीटर ठरवून दिलेला होता. जुगाड म्हणून आपण ज्याला नाक मुरडू, ते तिथे पुस्तकात छापलेले होते.

आपल्याकडे हे काम वेगळ्या रीतीने होते. उद्यमबागेतल्या एका गॅरेजात मी दोन शनिवार बसून ते पाहिले. मिस्त्री पन्नाशीचे, घरात मराठी. मदतीला दोन मुलगे, त्यातला एक बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. एक जुनी जीप सुरू होऊन धडधडत होती. मिस्त्रींनी तांब्यातले पाणी हातावर घेतले आणि धुराच्या नळीच्या चार फांद्यांवर शिंपडले. तीन फांद्यांवर चर्र झाले. एका फांदीवर थेंब नुसते लोळत राहिले.

"मूरनेदु तण्णग ऐति, अण्णा," मुलगा म्हणाला.

"तीन नंबर गार हाय म्हंतोय, सर," मिस्त्रींनी मला सांगितले. त्याची गरज नव्हती, पण त्यांचे ते अगत्य.

ही पाण्याची परीक्षा झकास आहे. मात्र ती इंजिन नुकतेच सुरू केले असतानाच लागू पडते. दहा मिनिटे गेली की बिडाची अखंड नळी उष्णता सगळीकडे पसरवते आणि चारही फांद्यांवर चर्र होते. अर्धवट काम करणारा सिलिंडर तर तिला सापडतच नाही. मग दुसरी परीक्षा, पान्याने इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायचा. डिझेल बाहेर गळू लागते, त्या सिलिंडरला ते मिळत नाही. आवाज बदलला तर सिलिंडर चांगला, नाही बदलला तर तोच रोगी. पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्री असेच शिकले आणि त्यांचे निदान बहुधा बरोबर असते, यात शंका नाही.

पण याच परीक्षेपाशी मला धास्ती वाटते. जुन्या पंपाच्या इंजिनातही त्या पाइपमध्ये शंभराहून अधिक बार दाब असतो. मोटारीच्या चाकात असतो दोन बारच्या आसपास, त्यावरून अंदाज करावा. आणि गेल्या पंचवीस वर्षांत आलेल्या कॉमन रेलच्या गाड्यांत हाच दाब हजार ते दोन हजार बारपर्यंत जातो. तिथे सुरू इंजिनावर नट ढिला करणे म्हणजे हात पणाला लावणे. तो फवारा डोळ्यांना दिसतही नाही आणि कातडी भेदून आत शिरतो. बाहेर दिसते काय, तर सुई टोचल्यासारखा एक ठिपका. दुखतही नाही फारसे. मुलगा चिंधी बांधून कामाला लागतो. आत मात्र डिझेल कंडरांच्या वाटेने बोटातून तळहातापर्यंत पसरते आणि मांस सडू लागते. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हात जातो. ज्यांच्या घरातला मुलगा गॅरेजात शिकतो आहे, त्यांनी एवढे वाक्य त्याला जरूर ऐकवावे: डिझेलच्या दाबाने टोचलेला ठिपका ही जखम म्हणून दवाखान्यात दाखवायची, आणि 'डिझेल आत गेले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे.

नव्या गाड्यांचे निदान स्कॅनरने होते, तिथे नटाला हात लावायची गरजच नाही. प्रश्न उरतो तो स्कॅनर लावायला जागा नसलेल्या जुन्या गाड्यांचा आणि त्या गाड्यांवर पडलेल्या सवयीचा. जुनीवर नट ढिला करायची सवय लागलेला हात उद्या नवीवरही तेच करतो. म्हणून हीटरची परीक्षा शिकलेली बरी.

ती अशी. इंजिन पूर्ण गार असावे, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. चारही हीटर एका धातूच्या पट्टीने किंवा तारेने एकमेकांना जोडलेले असतात. ती जोडणी आधी सोडवायची. ती तशीच ठेवली तर चौघांचा मिळून एकच आकडा येतो आणि त्याचा काही उपयोग नाही. सुटी केलेली तार इंजिनाला टेकणार नाही अशी टेप लावून बाजूला बांधायची. मग प्रत्येक हीटरचा गार रोध लिहून ठेवायचा. एखादा काहीच दाखवत नसेल तर त्याचे वेटोळे तुटले आहे, तो बदलायचा. पहाटे गाडी का खोकते याचे उत्तर पुष्कळदा इथेच मिळते. त्यानंतर पट्टी पुन्हा जोडून, हीटर देऊन गाडी सुरू करायची, बंद करून पट्टी सोडवायची आणि इंजिन गरम आहे तोवर लगेच पुन्हा सुरू करायची. सावकाश वेगावर दहा मिनिटे चालू द्यायची आणि चालू असतानाच चौघांचे आकडे पुन्हा घ्यायचे. ज्याचा आकडा इतरांच्या मानाने कमी वाढला, तो सिलिंडर गार. पंख्याच्या पट्ट्यापासून तारा आणि बाह्या लांब ठेवाव्यात आणि हे काम बंद शेडमध्ये करू नये, हे वेगळे सांगायला नको.

ऐकायला सोपे, करायला गेले की मात्र मीटर दगा देतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकवून पाहा. शून्य यायला हवे, पण येते ०.३ किंवा ०.४ ओहम. तो रोध मीटरच्या स्वतःच्या तारांचा आणि टेकण्याचा. ज्या हीटरचा सगळा रोध पाऊण ओहम, तिथे एवढी भेसळ म्हणजे किलोभर गुळात अर्धा किलो दगड. सुई थोडी जोराने दाबली तरी आकडा बदलतो.

यावर उपाय पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतला आहे, पण साहित्य गॅरेजातले. मोटारसायकलची एक बारा व्होल्टची बॅटरी घ्या. तिची ऋण बाजू इंजिनाच्या लोखंडाला जोडा. धन बाजूच्या तारेत इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब घाला आणि बल्बापासून पुढची तार हीटरच्या टोकाला लावा. बल्ब पेटेल आणि हीटरमधून अंदाजे पाऊण अँपिअर वीज वाहू लागेल. एवढ्याने हीटर तापत नाही, कारण अर्ध्या वॅटइतकीच ऊब त्यात निर्माण होते. खरे काम करताना तो शंभर वॅटच्या वर खातो. आता मीटर ओहमवर न ठेवता मिलिव्होल्टवर ठेवायचा आणि त्याच्या दोन सुया वेगळ्या टेकवायच्या, एक हीटरच्या टोकाच्या धातूवर आणि दुसरी हीटरच्या षट्कोनी अंगावर. वीज वाहून नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि मोजणाऱ्या तारा वेगळ्या, हे यातले मर्म. मोजणाऱ्या तारांतून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून त्यांचा रोध आकड्यात मिसळत नाही. पाटाच्या पाण्याची उंची मोजायची तर पाटातच उभे राहून पाणी अडवू नये, काठावरून काठी लावावी, तसे.

बॅटरी वेगळी का, तर गाडी सुरू झाली की अल्टरनेटर गाडीच्या बॅटरीचा दाब साडेबारावरून चौदा व्होल्टपर्यंत नेतो. मग बल्बही जास्त पेटतो आणि हीटर न तापताही आकडा वाढलेला दिसतो. या एका गोष्टीने पुष्कळांची फसगत होऊ शकते.

समजा, गार असताना चारही हीटरवर ५६० मिलिव्होल्टच्या आसपास आकडे आले. दहा मिनिटांनी पहिल्यावर ७८०, दुसऱ्यावर ८००, तिसऱ्यावर ६४०, चौथ्यावर ७९० आले. तिसऱ्याची चुगली झाली! पाण्याच्या थेंबांना जे पहिल्या पाच मिनिटांतच दिसते, ते हीटर केव्हाही सांगतो, आणि अर्धवट आजारी सिलिंडरही दाखवतो.

आता हे कळले म्हणजे सगळे कळले असे नाही. सिलिंडर गार आहे एवढेच हीटर सांगतो, का गार आहे ते सांगत नाही. इंजेक्टर बिघडला असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, रिंगा गेल्या असतील. इथे मिस्त्रींची जुनी विद्या उपयोगी पडते. इंजिन बंद करून, गार झाल्यावर, तिसऱ्याचा इंजेक्टर दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात बसवायचा आणि परीक्षा पुन्हा घ्यायची. गारवा इंजेक्टरबरोबर दुसऱ्यात गेला तर दोष इंजेक्टरचा. तिसऱ्यातच राहिला तर दाब कमी आहे, हेड उघडावे लागणार. इंजेक्टर दुरुस्त करून घेणे आणि हेड उतरवणे यांत खर्चाचा आणि दिवसांचा किती फरक असतो, हे वडापवर पोट असणाऱ्या घराला विचारावे. गाडी उभी म्हणजे चूल थंड. हेड उतरवून मग 'अरे, हे तर इंजेक्टरचेच होते' असे कळण्यापेक्षा अर्ध्या दिवसाचे मोजमाप परवडते.

उत्साहाच्या भरात याच हीटरला सगळीकडे तापमापक म्हणून वापरावे असेही काहींना सुचते. एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आमच्या गुऱ्हाळात काहिलीत हा घालून गुळाचा ताप मोजता येईल का?" प्रश्न चांगला, उत्तर 'नको' असे. पहिले कारण स्वच्छतेचे. काजळी, डिझेल आणि निकेलच्या मिश्रधातूचा हा तुकडा खायच्या पदार्थात जाता कामा नये. दुसरे कारण गणिताचे. गूळ साधारण ११८ अंशांच्या आसपास उतरवतात आणि चार अंश इकडे-तिकडे झाले की ढेप नीट बसत नाही. चार अंशांत या हीटरचा रोध बदलतो तो एका ओहमच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. गुळव्या पाण्याच्या वाटीत थेंब सोडून बोटांनी गोळी वळून पाहतो, ती परीक्षा याच्यापेक्षा कितीतरी अचूक. अंशांतच आकडा हवा असेल तर सरळ तापमापक विकत घ्यावा.

मूळ मुद्दा हाच. चार सारखे हीटर एकाच इंजिनात एकाच वेळी शेजारी बसवून 'कोण जास्त, कोण कमी' विचारले तर उत्तर विश्वासाचे मिळते. एकट्यालाच गाठून 'सांग, किती अंश?' असे विचारले तर तो काहीतरी सांगेल, पण त्यावर पैज लावू नये. निकेलचा रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, ३५८ अंशांपाशी, जिथे निकेलचे चुंबकत्व जाते, त्याची चालच बदलते. एका कंपनीच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या हीटरमधली वेटोळी सारखी नसतात. तीन जुने आणि एक नवा असे असतील तर नवाच चुकून रोगी ठरायचा. म्हणून चारही एकाच बनावटीचे आहेत ना, ते आधी पाहावे.

कॉलेजातल्या मुलांनी प्रयोग म्हणून जरूर करावा. नवा, स्वच्छ हीटर घ्यावा. दांडी आधी वितळत्या बर्फात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवावी, वरचे टोक कोरडे ठेवावे आणि दोन आकडे टिपावेत. फक्त एक ध्यानात असू द्यावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे. इथे पाणी १०० अंशांना उकळत नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळते. पणजीच्या मावसभावाने आणि बेळगावच्या भावाने हाच प्रयोग केला आणि आकडे जुळले नाहीत, तर भांडू नये. दोघेही बरोबर असतील.

नव्या गाड्यांबाबत सावधगिरी हवी. त्यांतले पुष्कळ हीटर बारा व्होल्टचे नसतात, पाच-सात व्होल्टवर चालतात आणि त्यांना किती वीज द्यायची ते संगणक ठरवतो. काही तर सिलिकॉन नायट्राइडच्या सिरॅमिकचे असतात, ठिसूळ. त्यांना थेट बॅटरी लावून 'लाल होतो का बघू' म्हणणे म्हणजे महागडा हीटर जाळणे. या गाड्यांत हीटरचा कारभार पाहणारी पेटी त्यांच्या विजेवर स्वतःच नजर ठेवते आणि कुठला बिघडला ते स्कॅनरवर दाखवते. जर्मनीच्या बेरू कंपनीने तर दाब मोजणारा हीटर काढला. त्याची दांडी ज्वाळेच्या दाबाने किंचित मागे-पुढे होते आणि त्यावरून सिलिंडरमधला दाब कळतो. २००८ च्या सुमारास तो फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत बसू लागला. हीटर आधीपासून आत बसलेलाच आहे, तर त्याला आणखी चार गोष्टी विचारू, हा विचार कारखानदारांनाही सुचला म्हणायचा.

त्या गॅरेजातल्या जीपच्या तिसऱ्या सिलिंडरवर बल्बाची परीक्षा दुसऱ्या शनिवारी झाली. मिलिव्होल्टचे आकडे वाचायचे काम बैलहोंगलच्या मुलाकडे होते. तो कन्नडमध्ये आकडे सांगत होता, दुसरा मराठीत लिहीत होता. इंजेक्टरांची अदलाबदल केल्यावर गारवा दुसऱ्यात गेला. मिस्त्रींनी हेडला हात लावला नाही, इंजेक्टर तपासणीला पाठवला. मग चारही हीटरचे गार आकडे त्यांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवले, खाली तारीख टाकली. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि पाडव्याला, गाडी धुवायला येईल तेव्हा ते पुन्हा घ्यायचे आणि शेजारी लिहायचे, असे ठरले आहे.